नायक कोणाचा? : भूमिकाप्रधान संगणक-खेळांतील पात्रविचार

कादंबरीतील नायक लेखकाने घडवावा आणि वाचकाने त्याला ओळखावे, हा संकेत वाङ्मयात इतका रुळलेला आहे की त्याविषयी शंका घेण्याचे कारण सहसा उद्भवत नाही. भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमच्या इतिहासात मात्र ही शंका आरंभापासूनच उपस्थित आहे. तेथे नायकाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असतो; म्हणून नायक रचनाकाराने आधीच घडवून द्यावा की खेळणाऱ्याने स्वतः निर्माण करावा, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, तो कर्तृत्वाचा आणि जबाबदारीचा होतो.

या प्रकाराचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. तीन फाशांच्या बेरजेने पात्राचे बळ, बुद्धी इत्यादी सहा गुण ठरत. नाव, स्वभाव आणि पूर्ववृत्त खेळणारा रचीत असे. त्याच्या अनपेक्षित बोलण्याला उत्तर देण्यास सूत्रधार समोर हजर असे. खेळ संगणकावर आला तेव्हा हा सूत्रधार नाहीसा झाला आणि गुणांक तेवढे उरले. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त खेळणारा सहा जणांची तुकडी उभी करी, परंतु त्या सहांपाशी बोलण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते.

ही उणीव रिचर्ड गॅरियटने १९८५ च्या ‘अल्टिमा ४’ मध्ये वेगळ्या मार्गाने भरून काढली. आरंभी एक भविष्यवादिनी प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुणांचा संघर्ष असतो, आणि उत्तरांवरून नायकाचा पेशा ठरतो. पुढे आंधळ्या विक्रेतीला कमी पैसे दिले तर प्रामाणिकपणाला बट्टा लागतो. येथील साध्य खलपुरुषाचा वध हे नसून आठ सद्गुणांच्या आचरणाने ‘अवतार’ होणे हे आहे. संस्कृतातून घेतलेला हा शब्द येथे चपखल बसतो. कारण जगात उतरतो तो खेळणाराच, आणि पापपुण्याचा हिशेबही त्याच्याच नावावर मांडला जातो.

जपानमध्ये प्रवाहाने दुसरे वळण घेतले. युजी होरीच्या १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधील वीर मूक असून त्याचे नाव खेळणारा ठरवी. १९८७ च्या ‘फायनल फँटसी’तील चार योद्धेही अनामच होते. परंतु त्याच मालिकेच्या १९९१ मधील चौथ्या भागात सेसिल हा सर्वस्वी नियोजित नायक येतो. राजाज्ञेने त्याने नेलेल्या वस्तूतून अग्नी प्रकट होतो आणि एक गाव जळून जाते. खेळणाऱ्याला हे टाळता येत नाही. तथापि सेसिलचा पश्चात्ताप आणि कृष्णखड्गाचा त्याग यांना अर्थ येतो तो याच अपरिहार्यतेमुळे. प्रायश्चित्ताला भूतकाळ लागतो; आणि क्षणापूर्वी निर्माण झालेल्या पात्राला भूतकाळ नसतो.

१९९९ च्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ने या दोन्ही पक्षांचा सांधा स्मृतिभ्रंशात शोधला. तेथील अनाम नायक अमर आहे. त्याच्या पूर्वायुष्यांतील अपराध इतरांना आठवतात, त्याला आठवत नाहीत. भूतकाळ रचनाकाराचा आणि स्वभाव खेळणाऱ्याचा, अशी ही वाटणी होती. २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’नेही हीच युक्ती वापरली.

या वादाला तांत्रिक बाजूही आहे. लिखित संवादात कोणतेही नाव बसते. ध्वनिमुद्रित संवादात ते बसत नाही. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्ये नायकाचे किंवा नायिकेचे पहिले नाव खेळणारा निवडतो, पण सगळे हाक मारतात ती ‘शेपर्ड’ या ठरलेल्या आडनावानेच. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’मध्ये नायकाला आवाज मिळाला आणि उत्तरे एका वेळी चार पर्यायांत आवळली गेली. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने दोन्ही वाटा आरंभीच खुल्या ठेवल्या : स्वतःचे पात्र रचावे, अथवा इतिहास असलेले तयार पात्र घ्यावे.

वाचक स्वत्व न सोडता परक्या भूमिकेत शिरतो, हे सांगण्यासाठी न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ ही संज्ञा मराठीत रूढ केली. वाचकाचा हा परकायाप्रवेश निर्धोक असतो. पात्राच्या कर्माचा तो साक्षी असतो, कर्ता नव्हे. खेळणाऱ्याला ही सवलत नाही. स्वनिर्मित पात्र त्याला स्वातंत्र्य देते, पण बहुधा जगाला त्याची ओळख नसते; नियोजित पात्र ओळख देते, पण ऋणही माथी मारते. म्हणून नायकाचे नाव कोणी ठेवले, ही श्रेष्ठतेची कसोटी ठरू शकत नाही. केलेले कर्म परतून खेळणाऱ्याच्या दाराशी येते की नाही, हीच ती कसोटी होय. आंधळ्या विक्रेतीचे बुडवलेले पैसे आणि सेसिलच्या हातून जळालेले गाव, या दोन्ही प्रसंगी ते येते.