भडकल दरवाजापासून मतपेटीपर्यंत

आफ्रिकेतून आलेली माणसे नव्या मुलखातल्या स्थानिक राजकारणात कशी शिरतात, याचा अभ्यास सहसा लंडन किंवा मिनियापोलिसपासून सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला इतके लांब जायची गरज नाही. या अभ्यासाचे दार त्याच्या गावातच आहे.

१६१० मध्ये खडकी गावी, म्हणजे आजच्या याच शहरात, राजधानी वसवणारा मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. हा चंगीझखानही हबशीच. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. भडकल दरवाजा १६१२ चा, मोगलांवरील विजयाची खूण. पण माझ्या मते अंबरची खरी कमाई दरवाजात नाही. ती शहराला पाणी पुरवणाऱ्या जमिनीखालच्या नहरीत, त्याने बसवलेल्या जमीन महसुलाच्या घडीत आणि मराठा सरदारांशी जुळवलेल्या नात्यांत आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. बाहेरून आलेल्या माणसाची सत्ता स्थानिकांच्या खांद्यावरच टिकते, हे त्याने पुरते ओळखले होते. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

इथे अभ्यासकाने सावध राहावे. अंबरला कोणी निवडून दिले नव्हते आणि तो स्वखुशीने आलेलाही नव्हता. गुलामगिरीतून वर आलेला सेनापती आणि मत मागणारा उमेदवार यांना एका माळेत ओवले की दोघांवरही अन्याय होतो. मुरुड-जंजिऱ्याच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत टिकले, तेही तलवारीच्या आणि आरमाराच्या बळावर.

मतपेटीची गोष्ट सुरू होते ती उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दींपासून. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. तरी हक्काच्या मागणीसाठी ते 'सिद्दी' म्हणून एकत्र उभे राहिले. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि पंचायतीच्या राखीव जागांची वाट मोकळी झाली. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधानपरिषदेत पोहोचले. राज्याच्या विधिमंडळात बसणारे ते पहिले सिद्दी. मात्र ते नामनियुक्त सदस्य होते. विधिमंडळात जागा मिळणे आणि लोकांनी निवडून देणे यांतले हे अंतर या अभ्यासाच्या केंद्रस्थानी असायला हवे.

आता परदेशाकडे वळू. नायजेरियातून आश्रय मागत आयर्लंडला आलेले रोटिमी अदेबारी २००४ मध्ये पोर्टलीश नगरपरिषदेवर निवडून आले आणि २००७ मध्ये महापौर झाले. तिथे स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, रहिवास पुरतो. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेले राष्ट्रकुलातले नागरिक मत देतात, म्हणून घाना-केनियाच्या माणसाला तिथे पहिल्या निवडणुकीपासून वजन असते. आपल्या संविधानाच्या कलम ३२६ प्रमाणे मताधिकार नागरिकालाच आहे. तेव्हा या शहरात शिकायला येणारा आफ्रिकी विद्यार्थी वॉर्डात वर्षानुवर्षे राहिला, तरी नगरसेवकाच्या हिशेबात धरला जात नाही. ज्याच्या मताची गरज नाही, त्याची तक्रार कोण ऐकणार? या प्रश्नावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

तरुण अभ्यासकांना एक विनंती आहे. फारसी आणि मोडी शिका, म्हणजे अंबरच्या काळातले कागद तुमच्याशी थेट बोलतील. मग हल्याळच्या ग्रामसभेत जाऊन बसा, आणि तिथल्या सिद्दी बायका काय मागतात ते लिहून आणा.