न्यू यॉर्क–शिकागो मार्गावरील रात्रीचा व्यापार

अमेरिकेतील न्यू यॉर्क आणि शिकागो या दोन महानगरांना जोडणाऱ्या ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ या गाडीचा इतिहास बहुधा वेगाचा आणि ऐश्वर्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु १९०२ ते १९६७ या पासष्ट वर्षांत या गाडीने उतारूंना प्रामुख्याने विकली ती एक रात्र. न्यू यॉर्कमधील काम आटोपून गाडीत बसावे, जेवावे, झोपावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकागोतील कचेरीत हजर व्हावे, अशी सोय हवी असणारा व्यापारी, वकील वा बँकर हा या गाडीचा खरा आश्रयदाता होता, आणि त्यासाठी तो नेहमीच्या भाड्यावर जादा आकारही बिनतक्रार भरत असे. नावातील ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ मोजकीच स्थानके घेणारी गाडी एवढाच आहे.

१७ जून १९०२ रोजी न्यू यॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपनीने ही गाडी सुरू केली, आणि तिच्यामागची कल्पना कंपनीच्या प्रवासी वाहतूक विभागाचे प्रमुख जॉर्ज डॅनियल्स यांची होती. रेल्वेत येण्यापूर्वी हे गृहस्थ जाहिरातींच्या जोरावर खपणारी तयार औषधे विकत असत, आणि गाडीला नव्या शतकाचेच नाव देण्याची हिकमत पाहता तो अनुभव वाया गेला असे म्हणता येत नाही. प्रारंभी प्रवासाला वीस तास लागत, म्हणजे उतारूला दुपारीच निघावे लागे व कामाचा अर्धा दिवस हातचा जाई. वेळापत्रकातून कमी होणारा प्रत्येक तास या दुपारच्या खात्यात जमा होणार असल्याने वेळ घटवण्याचा ध्यास कंपनीने घेतला. १९०५ च्या जूनमध्ये हा अवधी अठरा तासांवर आणला गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच, २१ जून रोजी, ओहायो राज्यातील मेंटर येथे चुकीच्या दिशेला लावलेल्या सांध्यावरून, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जोडावरून, जाताना गाडी घसरून वीसच्या आसपास माणसे मेली. कंपनीने तूर्त जुने वेळापत्रक परत आणले.

याच दोन शहरांमध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड ही प्रतिस्पर्धी कंपनीही गाडी चालवत असे. तिचा मार्ग अंतराने कमी होता, पण तो ॲलेघेनी पर्वतराजी ओलांडून जाई, तर न्यू यॉर्क सेंट्रलचा सुमारे ९६० मैलांचा मार्ग आधी हडसन नदीच्या काठाने उत्तरेला, मग मोहॉक नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेला आणि पुढे ईरी सरोवराच्या कडेने सपाटीवरून जात असे. चढ-उतार आणि तीव्र वळणे कमी असल्याने लांबचा असूनही हा मार्ग वेळेत मागे पडत नसे, शिवाय डब्यांना हिसके कमी बसत. कंपनीच्या जाहिराती वेगाइतक्याच शांत झोपेची ग्वाही देत, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. इंजिनाला पाणी घेण्यासाठी थांबावे लागू नये म्हणून रुळांच्या मधोमध लांबलचक उथळ हौद बांधलेले असत आणि धावत्या गाडीच्या टेंडरला, म्हणजे इंजिनामागील कोळसा-पाण्याच्या डब्याला, जोडलेले पन्हळ खाली सोडून त्यांतून पाणी वर ओढले जाई.

महामंदीच्या काळात उतारू घटले आणि मोटारी व विमाने यांच्याकडे लोकांचे लक्ष वळू लागले, तेव्हा अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी ‘स्ट्रीमलाइनिंग’चा आश्रय घेतला. हवेचा अवरोध कमी व्हावा म्हणून वाहनाचा बाह्याकार गुळगुळीत आणि निमुळता करणे, असा या संज्ञेचा शास्त्रीय अर्थ असला, तरी ताशी सरासरी साठ मैलांच्या वेगाला त्याचा लाभ मर्यादितच असतो. आच्छादनाने साधले ते मुख्यतः असे की, जुन्या वाफेच्या तंत्राला नव्या युगाचा चेहरा मिळाला. हेन्री ड्रायफस या रचनाकाराने प्रथम १९३६ मध्ये क्लीव्हलँड व डेट्रॉइट यांदरम्यानच्या ‘मर्क्युरी’ या गाडीला असे रूप दिले, आणि तेथे इंजिनाची चाके झाकण्याऐवजी रात्री त्यांवर दिवे सोडण्याची योजना केली. यंत्र लपवावे की मिरवावे, या प्रश्नाचे त्याचे उत्तर त्यातून स्पष्ट होते.

१५ जून १९३८ रोजी ड्रायफसने घडवलेली नवी ‘सेंच्युरी’ धावू लागली. त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियानेही रेमंड लोवी या रचनाकाराच्या साहाय्याने नटवलेली ‘ब्रॉडवे लिमिटेड’ रुळांवर आणली, आणि दोन्ही गाड्यांचा अवधी सोळा तास ठरला. नव्या सेंच्युरीसाठी ‘हडसन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पुढे चार, मध्ये सहा व मागे चार चाके असलेल्या प्रकारातील दहा इंजिनांना करड्या रंगाचे कवच चढवले गेले. त्यांच्या गोलाकार मुखावरील उभ्या कंगोऱ्यामुळे एखाद्या प्राचीन योद्ध्याच्या शिरस्त्राणाचा भास होई. सामायिक दालनात पडद्याआड एकावर एक बिछाने मांडण्याची जुनी पद्धत मोडून प्रत्येक उतारूला स्वतंत्र खोली देण्यात आली. रात्रीची जेवणे आटोपली की भोजनाच्या डब्यातील मेजांवरची पांढरी वस्त्रे बदलत, दिवे गुलाबी होत आणि संगीत सुरू होऊन त्याच जागी मद्यपानगृह अवतरे. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात या गाडीच्या उतारूंसाठी फलाटावर गालिचा अंथरला जाई. लाल गालिच्याच्या स्वागताची कल्पना येथूनच निघाली असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’मध्ये परतलेल्या राजाच्या वाटेवर किरमिजी वस्त्रे अंथरली जातात, तेव्हा हा मान रेल्वेला देणे कठीण आहे.

या थाटाची दुसरी बाजू शयनयानांच्या सेवकवर्गात दिसते. शयनयाने चालवणाऱ्या पुलमन कंपनीचे पोर्टर, म्हणजे बिछाने घालणारे, सामान उचलणारे आणि उतारू झोपले असता त्यांचे जोडे चमकवणारे सेवक, बहुतांशी कृष्णवर्णीय असत. विकलेली रात्र त्यांच्या जागरणावर उभी होती. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना १९२५ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्याशी करार करण्यास कंपनी १९३७ मध्ये, नव्या सेंच्युरीच्या आदल्याच वर्षी, तयार झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाफेच्या इंजिनांची जागा डिझेलने घेतली आणि दुरुस्तीला अडचण करणारी कवचे काढून टाकण्यात आली. १९४८ मध्ये नवे डबे आले, तरी पन्नाशीच्या दशकात विमानाने काही तासांत शिकागो गाठता येऊ लागल्यावर सकाळी निघून त्याच दिवशी काम उरकता येई. विकायला रात्रच उरली नाही. १९५८ मध्ये केवळ शयनयानांच्या या गाडीला बैठकीचे साधे डबे जोडले गेले. २ डिसेंबर १९६७ रोजी तिची अखेरची फेरी निघाली, आणि ओहायोत मालगाडी घसरून मार्ग अडल्यामुळे शिकागोला जाणारी गाडी नऊ तासांहून अधिक उशिरा पोहोचली.