लहान शहरातील व्यापारी संघटना : तिरुप्पूरचा अनुभव

व्यापारी, कारखानदार व निर्यातदार यांनी सामायिक हितासाठी स्वेच्छेने स्थापन केलेल्या संस्थेस व्यापारी मंडळ म्हणतात. शासनाकडे निवेदने सादर करणे, करविषयक नियमांची माहिती सभासदांना देणे आणि त्यांच्यातील वाद सामोपचाराने मिटविणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. विदेश व्यापार महासंचालनालयाने प्राधिकृत केलेल्या संस्था निर्यात मालाच्या मूळ देशाचे प्रमाणपत्रही देतात.

तामिळनाडूतील तिरुप्पूर हे सुती होजिअरीचे केंद्र आहे. विणकाम, रंगकाम आणि शिलाई येथे निरनिराळ्या लहान कारखान्यांत चालते. येथील निर्यातदारांची संघटना १९९० मध्ये स्थापन झाली. पाण्याची टंचाई दूर करणे एकट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे राज्य शासनाच्या साथीने उभारण्यात आलेल्या पाणीपुरवठा कंपनीत ही संघटना सहभागी झाली. कावेरीचे पाणी कारखान्यांबरोबरच नागरिकांनाही मिळू लागले.

मात्र रंगकामाच्या सांडपाण्याने नोय्यल नदी प्रदूषित झाली आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगकामाचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची आणि ते नदीत न सोडण्याची पद्धत येथे रूढ झाली.

अशा संघटना शासनापुढे सभासदांची बाजू मांडू शकतात; परंतु कायद्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार त्यांना नसतो. शेतकऱ्यांसारखे सभासद नसलेले घटकही उद्योगाचे परिणाम भोगतात, हे तिरुप्पूरच्या अनुभवावरून स्पष्ट होते.