लेमूरचे वर्गीकरण

लेमूर हे निसर्गतः केवळ मादागास्कर व त्याच्या किनाऱ्यालगतच्या लहान बेटांवर आढळणारे सस्तन प्राणी होत. त्यांचा समावेश नरवानर गणाच्या स्ट्रेप्सिऱ्हिनी या उपगणात होतो. दक्षिण भारत व श्रीलंकेतील सडपातळ लोरिस, ईशान्य भारतातील मंद लोरिस आणि आफ्रिकेतील पोटो व गॅलॅगो हे त्यांचे जवळचे आप्त याच उपगणात येतात. माकडे, कपी व मनुष्य यांचा उपगण हॅप्लोऱ्हिनी हा आहे.

नाव व लक्षणे

रोमन लोकसमजुतीत रात्री भटकणाऱ्या मृतात्म्यांना ‘लेमुरेस’ म्हणत. कार्ल लिनियस याने हे नाव प्रथम, १७५४ मध्ये, लोरिसला दिले, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. १७५८ मध्ये त्याने लोरिस, कडेदार शेपटीचा लेमूर आणि कोलुगो हे तिन्ही एकाच प्रजातीत घातले. यांपैकी कोलुगो नरवानर गणातला नाहीच. तरीही ‘उडता लेमूर’ हे त्याचे चुकीचे नाव अद्याप टिकून आहे.

ओलसर नाक, अंधारात चमकणारे डोळे, पायाच्या दुसऱ्या बोटावरील नखर आणि खालच्या पुढील दातांचा ‘दंतफणी’सारखा संच ही स्ट्रेप्सिऱ्हिनींची मुख्य लक्षणे होत.

आय-आय व टार्सिअर

केवळ बाह्य रूपावर विसंबल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आय-आय. त्याचे पुढचे दात कृंतक प्राण्यांप्रमाणे आयुष्यभर वाढतात, शेपूट झुबकेदार असते आणि दंतफणी नसते. त्यामुळे ग्मेलिन याने १७८८ मध्ये त्याची गणना खारींत केली. रिचर्ड ओवेन याने १८६३ मध्ये केलेल्या शरीररचनेच्या अभ्यासानंतर तो नरवानर गणातील असल्याचे मान्य झाले. जनुकीय अभ्यासानुसार लेमूरच्या वंशवृक्षापासून सर्वांत आधी फुटलेली शाखा त्याचीच. तिला स्वतंत्र अधोगण मानावे की लेमूरच्याच अधोगणात ठेवावे, याबाबत मतभेद आहेत.

टार्सिअरची कथा याच्या उलट आहे. लहान, निशाचर व मोठ्या डोळ्यांचा म्हणून तो पूर्वी लेमूर व लोरिस यांच्यासह ‘प्रोसिमियन’ गटात ठेवला जाई. परंतु त्याचे नाक कोरडे असते, डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर नसतो आणि मनुष्याप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. पोकॉक याने १९१८ मध्ये त्याला माकडांच्या बाजूस नेले. आजचे वर्गीकरण त्यालाच अनुसरते.

कुले व जाती

हयात लेमूरची पाच कुले मानली जातात: लेमुरिडी, इंड्रिइडी, लेपिलेमुरिडी, कायरोगॅलिडी आणि केवळ आय-आयचे डॉबेंटोनिइडी. गोरिलाएवढा आर्किओइंड्रिस ज्यात होता, ते कूल नामशेष झाले आहे.

जातींच्या संख्येबाबत मात्र एकमत नाही. १९९० च्या दशकारंभी मूषक लेमूरच्या दोनच जाती मानल्या जात. पुढे ही संख्या वीसच्या वर गेली. जनुकांतील अल्प फरकावरून नवी जाती मानणे काही अभ्यासकांना पटत नाही. हा वाद निव्वळ नावांचा नव्हे. एका विस्तृत जातीच्या अनेक जाती झाल्या, की प्रत्येकीचे क्षेत्र लहान ठरते व तिच्या संरक्षणाची निकड वाढते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये १०७ पैकी १०३ जाती संकटग्रस्त ठरविल्या. त्यांतील ३३ अतिसंकटग्रस्त आहेत.