तळटीप नसलेले पाठभेद : हॅस्केल आणि आवृत्त्यांचा तंटा

‘पाठभेद’ हा शब्द इतिहासाच्या वाचकांना नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले व १९६६ साली पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १,२५९ हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन एक संहिता सिद्ध केली, आणि उरलेले पाठ तळटीपांत जपले. आजच्या धाग्याचा विषय त्याच जातीचा, पण संगणकावरचा आहे. तेथे तळटीपेची सोय नसते. प्रोग्राम चालायचा तर कोणता पाठ खरा, हे आधी ठरवावेच लागते.

सप्टेंबर १९८७. अमेरिकेतील पोर्टलँड येथे फंक्शनल प्रोग्रामिंगच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. एकमेकींसारख्याच डझनाहून अधिक भाषा तेव्हा प्रचारात होत्या. त्यांऐवजी एक सामाईक भाषा घडवावी, असे तेथे ठरले. तिला हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आणि १९९० साली तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. भाषांचा बुजबुजाट मिटवण्यासाठी जन्मलेल्या या भाषेला पुढे आवृत्त्यांच्या बुजबुजाटाने ग्रासले, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

२००७ साली हॅकेज हे सार्वजनिक भांडार खुले झाले. कोणीही आपली लायब्ररी तेथे ठेवावी, दुसऱ्याने ती वापरावी. कॅबल हे साधन आवश्यक त्या लायब्रऱ्या आणून जोडून देई. अडचण उभी राही ती अशी : माझ्या प्रोग्रामला ‘क’ आणि ‘ख’ या दोन लायब्रऱ्या हव्यात, दोघींनाही ‘ग’ हवी, पण ‘क’ला ‘ग’ची जुनी आवृत्ती हवी व ‘ख’ला नवी. आमच्या भवानीनगरकडे, नीरा डाव्या कालव्यावर, हे समजावून सांगावे लागत नाही. चारीच्या तोंडावरचे दार एका वेळी एकाच उंचीवर राहते. एकाला ते उघडे हवे आणि दुसऱ्याला बंद, तर भांडण ठरलेलेच.

मग दोन्ही आवृत्त्या एकाच प्रोग्राममध्ये का घेऊ नयेत? हॅस्केलमध्ये प्रत्येक मूल्याला काटेकोर प्रकार असतो, आणि जुन्या ‘ग’मधला प्रकार व नव्या ‘ग’मधला प्रकार, नाव तेच असले तरी, कंपायलरच्या लेखी वेगळे. ‘क’ने दिलेले मूल्य ‘ख’ स्वीकारत नाही. जी शिस्त या भाषेचे भूषण, तीच येथे आडवी येते. म्हणून या तंट्याचे खापर केवळ निष्काळजी प्रोग्रामरांवर फोडणे मला पटत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये जीएचसी या कंपायलरची ६.१० ही आवृत्ती आली, तेव्हा त्रुटी हाताळण्याची रचनाच बदलली होती आणि ‘बेस’ या पायाभूत लायब्ररीची चौथी आवृत्ती निघाली होती. जुने प्रोग्राम एका झटक्यात बंद पडू नयेत म्हणून तिसरी आवृत्तीही सोबत देण्यात आली. ती आतून चौथीवरच उभी होती. जुन्या वाड्याचा दर्शनी भाग राखून आत नवे बांधकाम करावे, तसाच हा प्रकार.

योग्य आवृत्त्यांचा मेळ शोधणे हे काम दिसते त्याहून अवघड आहे. लिनक्सच्या पॅकेजांबाबत तर युरोपातील संशोधकांनी सिद्धच केले की हा प्रश्न गणितातील कुप्रसिद्ध कठीण प्रश्नांच्या वर्गात बसतो. तरीही प्रयत्न थांबले नाहीत. आंद्रेस लोह यांनी लिहिलेला नवा सॉल्व्हर २०१२ च्या सुमारास कॅबलमध्ये रुळला. एक निवड फसली की मागे येऊन दुसरी पाहायची, ही त्याची रीत. परंतु सॉल्व्हरला उत्तर तेव्हाच सापडते, जेव्हा लेखकांनी आपापल्या लायब्ररीच्या मर्यादा खऱ्या लिहिलेल्या असतात.

मायकेल स्नॉयमन यांनी वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या स्टॅकेजमध्ये परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचा एक संच आधीच बांधून, तपासून दिला जातो. २०१५ साली त्यावर आधारलेले स्टॅक हे साधन आले. सुखठणकरांच्या संहितेशी याचे नाते जवळचे : निवडीची जबाबदारी संपादक घेतो, वाचकावर टाकत नाही. अर्थात, संचाबाहेरचे काही हवे असेल तर पुन्हा आपणच संपादक.

तिसरी वाट नेदरलँड्समधून आली. एल्को डोल्स्ट्रा यांचा २००६ सालचा उट्रेख्ट विद्यापीठातील प्रबंध निक्स या प्रणालीविषयी होता. प्रत्येक लायब्ररीची प्रत तिच्या घडणीच्या सर्व घटकांवरून निघालेल्या खुणेसह वेगळ्या जागी ठेवायची. मग दहा आवृत्त्याही शेजारी नांदतात, कोणी कोणाला पुसून टाकत नाही. कॅबलने हीच पद्धत २०१६ मध्ये चाचणी म्हणून दिली आणि २०१९ च्या ३.० आवृत्तीत मूळ पद्धत म्हणून स्वीकारली. येथे एक खुलासा हवा. एकाच प्रोग्राममधला तंटा यामुळे मिटत नाही. एका प्रकल्पाने दुसऱ्याचा संसार मोडणे तेवढे थांबते, आणि पूर्वी बहुतेकांची झोप त्यानेच उडवली होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने यात का पडावे? बखरींच्या शब्दांची मोजणी, जुन्या जमाखर्चांची कोष्टके, गावनकाशांचे विश्लेषण ही कामे आता प्रोग्राम करू लागले आहेत. त्यांचे निष्कर्ष पाच वर्षांनी कोणी पडताळू गेला आणि प्रोग्रामच उभा राहिला नाही, तर तो पुरावा उरत नाही, नुसती ऐकीव गोष्ट उरते. कॅबलमध्ये ‘फ्रीझ’ ही आज्ञा दिली की त्या घडीला निवडलेल्या सर्व आवृत्त्यांची यादी एका फाइलमध्ये उतरते. प्रबंधासोबत मूळ साधनांची सूची जोडतो, तशी ही फाइल आणि कंपायलरचा आवृत्तिक्रमांकही जोडावा.