हाफकिन : सुई आणि दंड

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. पण ते नाव ज्याचे, तो माणूस कोण, असे वर्गात विचारले की 'कुणीतरी इंग्रज साहेब' असे उत्तर येते. वाल्देमार हाफकिन इंग्रज नव्हता. १८६० साली ओडेसा शहरात जन्मलेला तो एक ज्यू होता, आणि झारच्या रशियात हा जन्मच त्याच्या आड आला. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉव्हच्या हाताखाली तो प्राणिशास्त्र शिकला. अध्यापकाची जागा हवी असेल तर ख्रिस्ती हो, असे त्याला सुचवण्यात आले. त्याने नकार दिला. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा मुलाखतीनंतर कुणाच्या वाट्याला येतो हे मला आणि माझ्यासारख्यांना समजावून सांगावे लागत नाही. तिथे निदान अट तोंडावर सांगितली गेली!

१८८८ साली त्याने देश सोडला आणि जिनिव्हामार्गे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. तिथे आधी मिळाली ती ग्रंथालयातील मदतनिसाची जागा. तरी संशोधन सुटले नाही. पॅरामीशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात शिरून राहणारे परोपजीवी जंतू त्याने शोधले व १८९० साली त्यांचे वर्णन छापले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालाही रोग होतो, त्याच्याही आत कुणी घर करतो, हे त्याचे पहिले मोठे काम. लशीच्या गौरवात ते पार झाकले गेले.

पुढे कॉलरा. १८ जुलै १८९२ रोजी त्याने लस स्वतःला टोचून घेतली. १८९४ साली कलकत्त्याच्या काट्टाल बागान वस्तीत सुमारे दोनशेपैकी ११६ रहिवाशांना त्याने टोचले. नंतर साथ आली तेव्हा आजारी पडले ते न टोचलेले. त्यानंतर आसामचे चहामळे, म्हणजे मळ्यांवर नेलेले मजूर.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून व तीन अप्रशिक्षित माणसे. रस्स्यात तूप सोडले की त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू लोंबत्या झुंबरांसारखे वाढतात, हे त्याने हेरले. ते झटकून पुन्हा वाढवायचे, अखेर तापवून मारायचे, आणि ही मेलेली फौज टोचायची. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा पहिला दंड त्याचाच. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. विज्ञानाच्या पुस्तकात एक तारीख, समाजसुधारणेच्या पुस्तकात दुसरी. दोन्ही एका पानावर मी कधी पाहिल्या नाहीत.

हाफकिननंतरचे दंड कुणाचे? भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांचे. त्यांतले पुढे आलेले 'स्वयंसेवक' होते असे लिहिले जाते. गजाआडचा माणूस सरकारी डॉक्टरला नाही म्हणू शकतो काय? मला हा शब्द गिळवत नाही. पण आधी स्वतःला टोचणाऱ्या माणसाला इतर साहेबांच्या रांगेत बसवणेही मला जमत नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील (आता पाकिस्तानातील) मलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. परळच्या प्रयोगशाळेवर ठपका आला आणि हाफकिनला पदावरून दूर केले गेले. वास्तविक बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. लस परळलाच दूषित झाली असती, तर ४१ दिवसांनी उघडलेल्या त्या बाटलीला दुर्गंधी यायला हवी होती. ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस आदींनी १९०७ साली जाहीर पत्र लिहिले तेव्हा कुठे तो निर्दोष ठरला. डॉक्टरकीची पदवी नाही, त्यात रशियन, त्यात ज्यू. पाच वर्षे लागली यात नवल कसले? कलकत्त्याला परत नेमले खरे, पण माणसांवर नव्या लशींचे प्रयोग करायची मोकळीक दिली नाही.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचे नाव दिले गेले. १९३० साली तो लोझान येथे वारला. त्याची चरित्रे लिहिली गेली आहेत. भायखळ्याचा तुरुंग, काट्टाल बागान, आसामचे मळे यांची दप्तरे आपल्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आता उघडायला घ्यावीत.