मैदान, जिमखाना आणि फुटबॉलचा संघ : मुंबईतील क्रीडाभूमीच्या शोधाचा इतिहास

क्रीडासंस्थेचा इतिहास लिहिताना सामान्यतः सामने, विजय आणि खेळाडू यांची नोंद केली जाते. संस्था ज्या भूमीवर उभी असते त्या भूमीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः सरावाला जागा आणि बसायला स्वतःचे ठिकाण मिळविण्याची खटपट हा अशा संस्थेच्या चरित्रातील पहिला व बहुधा अखेरपर्यंत न सुटणारा प्रश्न असतो. ही जागा कोणी दिली, कोणत्या अटीवर दिली आणि मागणाऱ्याने ती कोणत्या नात्याने मागितली, यांवर संस्थेचे पुढील रूप अवलंबून राहते. मुंबई शहराचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

मराठी भाषेनेही या संबंधाची साक्ष जपून ठेवली आहे. ‘आखाडा’ हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून प्राकृतातून आला. मुळात तो वेढून घेतलेल्या क्रीडास्थळाचा वाचक होता. पुढे तेथे मेहनत करणाऱ्यांच्या समुदायालाही तो लागू झाला. ‘तालीम’ या अरबी शब्दाचा प्रवास उलट दिशेचा आहे. त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत तो शिक्षणाच्या वास्तूला आणि तेथून त्या वास्तूभोवती जमणाऱ्या मंडळाला मिळाला. ‘मैदान’ हा शब्द तर स्थळाचा असूनही ‘कुस्त्यांचे मैदान’ या प्रयोगात प्रत्यक्ष स्पर्धेचा वाचक बनतो. ‘जिमखाना’ हा शब्द या मालिकेत सर्वांत अलीकडचा. इंग्रजांच्या हिंदुस्थानात जन्मलेल्या या संकरित शब्दाची सर्वांत जुनी आठवण १८६१ सालच्या रुडकीची सांगितली जाते. चेंडूचे घर या अर्थाच्या ‘गेंदखाना’ या शब्दावर ‘जिम्नॅस्टिक’ या शब्दाची छाया पडून तो सिद्ध झाला, असे कोशकारांनी मानले आहे. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला तेव्हा हा शब्द मराठीत इतका रुळला होता, की पुढे संस्थेचे नाव सबंध वस्तीलाच मिळाले. सारांश, स्थळ आणि संस्था ही दोन नावे मराठीत सहजपणे एकमेकांची जागा घेतात.

मुंबईच्या बाबतीत या कथेचा आरंभ किल्ल्यापासून करावा लागतो. तोफांच्या माऱ्याला आड येऊ नये म्हणून इंग्रजांनी किल्ल्याभोवती एक रुंद पट्टा मोकळा राखला होता. त्यालाच एस्प्लनेड म्हणत. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतल्यानंतर मुंबईच्या संरक्षणाची जी चिंता कंपनी सरकारला लागली, तिचा या बंदोबस्तात मोठा वाटा होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या कारकीर्दीत, १८६२ नंतर, किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि युद्धाच्या गरजेतून निर्माण झालेली ही भूमी नगराच्या वाट्याला आली. रस्त्यांनी तिचे तुकडे पडले. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज या नावांनी ओळखली जाणारी मैदाने ती हीच. त्यांपैकी कूपरेज हे नाव लाकडी पिपे बनविणाऱ्या कारागिरांच्या शेडवरून पडलेले आहे.

या मोकळ्या भूमीवर प्रथम पारशी तरुण क्रिकेट खेळू लागले. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. या संस्थांना ना कुंपण होते, ना इमारत. मैदानाचा जो भाग मोकळा सापडेल तेच त्यांचे ठिकाण. १८७५ साली युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाला आणि परिस्थिती पालटली. या जिमखान्याला मैदानातच राखीव जागा मिळाली; तेथे एतद्देशीयांना सभासदत्व नव्हते. एवढ्यावर न थांबता युरोपियन मंडळी उरलेल्या मैदानावर आठवड्यातून दोन दिवस पोलो खेळू लागली. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि तिच्यावर क्रिकेट खेळणे दुरापास्त होई.

१८८१ साली शापूरजी सोराबजी प्रभृतींनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे एक अर्ज केला. त्यावर ४०० हून अधिक सह्या होत्या. पोलो बंद करावा अशी अर्जदारांची मागणी नव्हती. तो जवळच्या कूपरेज मैदानावर हलवावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १८८२ साली सरकारने हे म्हणणे मान्य केले. परंतु जिमखान्याने आपले वजन खर्च केल्यावर १८८३ साली निर्णय फिरला आणि घोडे परत आले. शापूरजींनी १८९७ साली या संघर्षाची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. या लढ्याचे महत्त्व त्याच्या निकालात नसून युक्तिवादात आहे. मैदान सर्वांचे आहे आणि त्याचा उपयोग अधिकाधिक लोकांना व्हावा, हे तत्त्व या अर्जदारांनी मांडले. जातीच्या वा धर्माच्या नावाने त्यांनी वाटा मागितला नव्हता.

सरकारने जो मार्ग काढला तो मात्र नेमका वाट्याचा होता. बॅकबेच्या किनाऱ्यालगत केनेडी सी-फेस येथे भर घालून मिळविलेली जमीन उपलब्ध होती. १८८५ साली स्थापन झालेल्या पारशी जिमखान्याला तेथे जागा मिळाली. पुढे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याच्या कारकीर्दीत (१८९०–९५) मुसलमानांच्या इस्लाम जिमखान्याला आणि हिंदूंच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याला लगतचे भूखंड देण्यात आले. सामायिक मैदानाचा प्रश्न अशा रीतीने मिटला नाही. तो टाळला गेला. मध्यवर्ती मैदान युरोपियनांच्या सोयीचे राहिले आणि एतद्देशीयांना समुद्रकाठी, धर्मवार विभागलेली घरे मिळाली.

या विभागणीचे परिणाम दूरवर पोहोचले. ज्याच्या नावाने जमीन त्याच्या नावाने संघ, हा क्रम एकदा रूढ झाल्यावर स्पर्धांची रचनाही तशीच झाली. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदूंचा आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ सामील झाला. १९३७ साली उर्वरितांचा पाचवा संघ आला. पंचरंगी या नावाने प्रसिद्ध झालेल्या या स्पर्धेला १९४० साली महात्मा गांधींनी आपली नापसंती कळविली आणि १९४६ नंतर ती बंद पडली. या स्पर्धेला जातीयतेचे मूळ म्हणणे सोपे आहे. तथापि स्पर्धेच्या आधी भूखंड आले होते, हा कालक्रम विसरता येत नाही.

भूखंडाच्या कुंपणाआतही प्रश्न होतेच. पाळवणकर बाळू हा चांभार समाजातला श्रेष्ठ गोलंदाज. पुण्यास युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखीत तो खेळ शिकला. १८९६ च्या प्लेगनंतर तो मुंबईस आला आणि हिंदू जिमखान्याने त्याला संघात घेतले. परंतु त्याच्या प्रवेशालाही काही सभासदांचा विरोध झाला होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेणाऱ्या या खेळाडूला हिंदू संघाचे नेतृत्व अखेरपर्यंत मिळाले नाही. १९२३ साली ते त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. धर्माच्या नावाने मिळविलेले घर त्या धर्मातील प्रत्येकाचे होतेच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आणि ज्यांना कोणताच भूखंड मिळाला नाही त्यांचे काय? लालबाग-परळच्या गिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा फार मोठा होता. एकेका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली चाळीतील खोली हेच त्यांचे घर आणि हीच त्यांची संस्था. अर्ज लिहिणारे वकील आणि देणगी देणारे शेटजी त्यांच्यापाशी नव्हते. हुतुतूसारखा खेळ या वस्तीत भरभराटीस आला, याच्या कारणांत त्याला साधन लागत नाही आणि चाळीच्या पुढील चौकात तो मावतो, हेही एक कारण मानले पाहिजे. जागेची टंचाई खेळाची निवड करते ती अशी.

फुटबॉलला मात्र चौक पुरत नाही. या खेळाचा मुंबईतील आरंभ पलटणींपासून झाला. पलटणीला जागा शोधावी लागत नाही. ती लष्कराची असतेच. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचा पहिला मान वूस्टरशर पलटणीने मिळविला आणि तो चषक भारतीय संघाच्या हाती प्रथम पडला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स या संघाच्या पराक्रमामुळे. रोव्हर्सचे आणि पर्यायाने मुंबईच्या फुटबॉलचे पीठ ठरले ते कूपरेज. १८८१ च्या अर्जदारांनी घोडे ज्या मैदानावर पाठवावेत असे सुचविले होते तेच हे मैदान. त्यावर कोणत्याही एका धर्माच्या जिमखान्याची मालकी नव्हती. स्वातंत्र्योत्तर काळात टाटा, मफतलाल, महिंद्र, ओर्के मिल्स, एअर इंडिया अशा उद्योगसंस्थांचे संघ तेथे खेळले. खेळाडूची नोकरी कंपनीत, ओळख कंपनीची आणि मैदान सर्वांचे, ही व्यवस्था अनेक दशके टिकली. तिच्यात संघाला स्वतःची भूमी शोधण्याची गरज भासली नाही आणि म्हणूनच ती मिळविण्याची सवयही लागली नाही.

या उणिवेची किंमत पुढे द्यावी लागली. व्यावसायिक स्पर्धांचे नियम मैदानाच्या दर्जाविषयी कडक झाले, तेव्हा कूपरेज त्यांत बसेना. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ च्या राष्ट्रीय लीगचा विजेता संघ २०१० साली विसर्जित झाला. २००७ साली स्थापन झालेल्या मुंबई एफ. सी. या संघाला तर काही हंगाम आपले ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात खेळावे लागले. मुंबईचे नाव धारण करणारा संघ घाट चढून जाऊन घरचा सामना खेळतो, या घटनेतील विसंगती शब्दातच उघड होते. ‘घरचे मैदान’ हा प्रयोग इंग्रजीच्या अनुकरणाने मराठीत आला. पण मराठीत ‘घर’ म्हटले की ज्याच्या उंबऱ्याशी शेजारी जमतात ते स्थळ अभिप्रेत असते. शेजाऱ्यांवाचून घर हे केवळ बिऱ्हाड होय. कूपरेजवर कृत्रिम हिरवळ घातल्यावर संघ परतला. परंतु २०१७ नंतर त्याचे अस्तित्व उरले नाही.

२०१४ साली उदयास आलेल्या मुंबई सिटी एफ. सी. या संघाचा प्रवासही उद्बोधक आहे. पहिले दोन हंगाम तो नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. २००८ साली पूर्ण झालेले हे भव्य स्टेडियम क्रिकेटसाठी बांधलेले. तेथे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये मोठे अंतर पडते. २०१६ साली संघाने महानगरपालिकेच्या अंधेरी येथील शहाजी राजे भोसले क्रीडासंकुलातील लहान मैदान पत्करले. आसने पुष्कळ कमी झाली, पण प्रेक्षक मैदानाच्या निकट आला. पुढे साथीच्या काळात, २०२०-२१ चा सबंध हंगाम गोव्यात खेळविण्यात आला. त्या हंगामात संघाने साखळीतील अग्रस्थान आणि अंतिम विजेतेपद दोन्ही मिळविली. मुंबईच्या संघाचे हे पहिले मोठे यश मुंबईत एकही सामना न होता पदरात पडले. भूमीवाचून विजय मिळू शकतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. भूमीवाचून समुदाय मिळतो की काय, हा प्रश्न वेगळा आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्या उदाहरणावरून शोधता येते. तेथील फुटबॉल संघांची नावेच बोलकी आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या कुस्तीच्या परंपरेतून पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. खासबाग मैदान १९१२ सालचे. फुटबॉल आला तेव्हा तो या तालमींच्या ओट्यावर येऊन बसला. सामन्यांसाठी शाहू स्टेडियम हे सर्वांचे एकच मैदान; सरावाची अडचण तेथेही आहे. परंतु संघाचे घर पेठेत आहे आणि ते कोणी अर्जाने दिलेले नाही. यामुळेच ‘आमची तालीम’ हे शब्द उच्चारणाऱ्यांत प्रत्यक्ष खेळणाऱ्यांपेक्षा न खेळणारे कितीतरी अधिक असतात. पेठांतील ईर्ष्येचे दोषही या रचनेला चिकटले आहेत, हे नाकारता येत नाही.

या सर्व विवेचनावरून असे दिसते, की सामन्याचे मैदान, सरावाची जागा आणि संस्थेचे घर या तीन भिन्न गरजा आहेत. जिमखान्यांना त्या तिन्ही एकाच भूखंडावर मिळाल्या, पण धर्माच्या अटीवर. कंपन्यांच्या संघांना मैदान मिळाले, घर मालकाचे राहिले. कोल्हापूरच्या तालमींपाशी घर आहे, सरावाची भूमी अपुरी आहे. नव्या व्यावसायिक संघांना तिन्ही गोष्टी करारावर मिळवाव्या लागतात आणि करार मुदतीचा असतो. एखादा संघ नव्या जागेच्या शोधात निघतो तेव्हा तो केवळ गवताचा एक तुकडा शोधीत नसतो; आपण कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तो नव्याने ठरवीत असतो. १८८१ च्या अर्जदारांनी या प्रश्नाला ‘सर्वांचे’ असे उत्तर दिले होते. सरकारने ते स्वीकारले नाही आणि शहराने पुढे त्याची नीट आठवण ठेवली नाही. मुंबईत मोकळी भूमी दिवसेंदिवस दुर्मिळ होत असता तेच उत्तर पुन्हा विचारात घेण्याजोगे आहे.